दांडा सोडला तेव्हा

भाऊजी,

पैनगंगेपर्यंत तुम्ही माझ्या मांडीवर होता. एके काळी रोज चाळीस-पन्नास माणसांना सुखरूप पोचवणाऱ्या माणसावर मेव्हण्याच्या मांडीवर बसून जायची वेळ आली, तीही अस्थी होऊन मडक्यात, तोंडाला लाल फडकं बांधून. गाडी तुमची लेक मीनल चालवत होती. मागच्या सीटवर मी मडकं दोन्ही हातांनी असं काही आवळून धरलं होतं की जैनथ गाव मागे पडल्यावर तिने आरशातून पाहिलं आणि म्हणाली, "मामा, इतकं घट्ट नका धरू. मी सावकाशच चालवून राह्यली." मी नुसती मान हलवली. चालवणाऱ्याशी बोलणं मी वीस-बावीस वर्षांपूर्वी सोडलं आहे, आणि ते का सोडलं हे जगात एकट्या तुम्हाला माहीत होतं.

पुलाअलीकडे गाडी थांबली तेव्हा ती थांबल्याचं मला कळलंच नाही. मी आपला मडकं धरून बसलेलो. मीनल माझ्या बाजूचं दार उघडून उभी राहिली तेव्हा लक्षात आलं. मडकं तसूभर हललं नव्हतं. तिला असं थांबायला कोणी शिकवलं हे मला माहीत आहे, आणि शिकवणाऱ्याने ते कोणाच्या चुकीतून शिकवायला घेतलं हेही.

तेरा दिवस लोक येऊन तुमच्याबद्दल बोलत होते. नोकरी किती झाली, शिस्त कशी होती, एक दिवस उशीर नाही, एका घोटाचा नाद नाही. मी सतरंजीच्या कडेला बसून ऐकत होतो आणि चहा पुढे करत होतो. घरातला गोष्टी सांगणारा म्हणून माझी ख्याती आहे, त्यामुळे दर तासाला कोणीतरी म्हणायचं, मास्तर, तुम्ही सांगा की भाऊजींची एखादी गोष्ट. मी लग्नातली सांगितली, गुडीहत्नूरच्या धाब्यावरची सांगितली. एक सोडून सगळ्या सांगितल्या.

आपली ओळख मुळात माझ्या आगाऊपणातून झाली. ताईला ड्रायव्हर पाहिला म्हणून आमच्या घरात, जिथे तीन पिढ्या कारकून आणि शिक्षकच निपजले, सगळ्यांची तोंडं थोडी लांब झाली होती. सगळ्यात लांब माझं. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो. भौतिकशास्त्र माझा विषय आणि गतीचे तीन नियम माझे खास, जणू मीच ते लावून दिले होते. बाकी गतीशी माझा संबंध सायकलपुरता. स्कूटर शिकायला गेलो तेव्हा आमच्या गल्लीतल्या विजेच्या खांबाला दोनदा भेटून आलो. दुसऱ्यांदा खांबालाच माझी दया आली असावी.

मग जैनथच्या पुढच्या एका गावी मराठी शाळेत माझी नेमणूक झाली आणि पहाटेची पहिली गाडी तुमची निघाली. मी रोज तुमच्या डाव्या हाताला, इंजिनाच्या झाकणाजवळ, वरचा दांडा धरून उभा राहायचो. सीट रिकामी असली तरी. माझ्या डोक्यावर बरोबर एक पाटी होती: गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये. तेलुगूत होती; नदीच्या आपल्या काठावर सरकारी कारभार तेलुगूतच. मला तेलुगू उत्तम वाचता येतं.

नववीला जे शिकवायचं ते आधी तुमच्यावर चालवून बघायचो. तुम्ही समोर रस्त्यावर नजर ठेवून ऐकायचे आणि शेवटी एखादं असं वाक्य टाकायचे की माझ्या दोन पानांच्या टाचणाचा पाचोळा व्हायचा. मी जडत्व समजावत होतो, त्या दिवशीचं आठवतं? वस्तू आपली स्थिती आपणहून बदलत नाही, बाहेरून बल लागल्याशिवाय वगैरे. तुम्ही म्हणाले, "वेगानं कोनी पडत नाई मास्तर. वेग बदलला का पडते." आणि थोडं पुढे गेल्यावर, स्टॉप जवळ आला तेव्हा, पाय हलकेच ब्रेकवर ठेवत: "गाडी लोकाईच्या पायाखालून ओढून घ्याची नाई. हळू मागून घ्याची."

ही दोन्ही वाक्यं मी त्याच दिवशी वर्गात माझी म्हणून सांगितली. पोरांना पहिला नियम एका तासात कळला. तेव्हापासून दरवर्षी सांगतो आहे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली होती. घरी येऊन ताईला पाठ थोपटल्याचं सांगितलं, वाक्यं कोणाची ते सांगितलं नाही.

एका बाबतीत मात्र आपलं जमलं नाही. वळणाच्या. तुम्ही म्हणायचे, वळणावर गाडीची फेक असते, ती माणसाला बाहेर टाकते. मी म्हणायचो, असं बलच नाही भाऊजी, ते केंद्रोत्सारी बल आभासी असतं. माणूस सरळ जात असतो आणि गाडी त्याच्याखालून वळते, एवढंच. तुम्ही म्हणायचे, "मंग वळनावर हे सगळे एका अंगाले पडतात, ते काय आभासी पडतात?" कंडक्टर हसायचा, मागचे दोघे-चौघे हसायचे, आणि मला राग यायचा. कापूस वेचणीला आला तरी आपला हा वाद चालूच होता.

त्या सकाळी मी ठरवून आलो होतो. कंडक्टर मागे तिकिटं फाडत होता, पुढे आपल्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. रात्री पुस्तक वाचून आलो होतो, म्हणजे तर विचारूच नका. नाल्याच्या आधीचं ते डावीकडचं वळण आलं आणि मी म्हणालो, "भाऊजी, पाहा. मी दांडा सोडतो. मला कोणी ढकलणार नाही. मी फक्त सरळ जाईन."

आणि मी दांडा सोडला.

गाडी डावीकडे वळली. मी सरळ गेलो. माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि ते बरोबर ठरत असताना मी उजवीकडे, थेट तुमच्या खांद्यावर आदळत होतो. तुम्ही डावा हात स्टिअरिंगवरून काढला आणि माझ्या दंडाला धरलं. एक क्षण. फार तर दीड. वळणापलीकडे कापसाची एक गाडी उलाळ होऊन रस्त्यात आडवी पडली होती. मागे भार जास्त झालेला, जू आभाळाकडे, बैल सोडून बाजूला उभे. तुम्ही एका हाताने आणि एका पायाने बस थांबवली. कापसाच्या पोत्यांपासून दोन हातांवर थांबली. पण त्या दिवशी तुम्हाला गाडी मागून घेता आली नाही, ओढून घ्यावी लागली.

लसमाबाई उतरायला उठून उभी राहिली होती. साठीची, एकटी राहणारी बाई, हातात भाजीची पिशवी. ती दरवाजाच्या पायरीपर्यंत फेकली गेली. खुबा मोडला.

मी पडलो नाही. सगळ्या गाडीत दांडा न धरलेला मी एकटा, आणि मी पडलो नाही, कारण गाडी थांबेपर्यंत माझा दंड तुमच्या मुठीत होता.

पुढचं तर मी फारच शास्त्रशुद्ध केलं. डेपोने तुमच्याकडे लेखी जबाब मागितला. तुमचं शिक्षण मराठीतलं, तेलुगू बोलायला झकास पण लिहायला अडखळायचं, म्हणून कागद घेऊन तुम्ही माझ्याकडे आले. तुम्हाला तीन ओळी हव्या होत्या. वळणावर माझं ध्यान क्षणभर हटलं, ब्रेक जोरात मारावा लागला, चूक माझी. मी म्हणालो, असं कबूल करतात का कुठे, थांबा, मी नीट लिहून देतो. आणि दीड पान लिहिलं. त्यात असं होतं की, ब्रेकमुळे कोणाही प्रवाशावर पुढच्या दिशेने कोणतेही बल लागत नाही; सदर प्रवासी स्वतःच्या जडत्वामुळे पुढे गेल्या; तेव्हा वाहनचालकाने त्यांना पाडले असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. खाली दोन आकृत्याही काढायच्या होत्या, पण जागा उरली नाही.

ध्यान हटल्याची ओळ मी गाळली. मी स्वतःला सांगितलं की ती तुमच्या भल्यासाठी गाळली. खरं असं की ती ओळ लिहिली असती तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, ध्यान कशाने हटलं. माझी नेमणूक नवी होती, कायम व्हायचो होतो, आणि तहकिकातीच्या कागदावर नाव नको होतं. तुम्ही विचारलं, "काय लिहलं?" मी म्हणालो, सगळं नीट लिहिलं आहे. तुम्ही दस्तखत केली.

चौकशीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलो होतो. दार उघडंच होतं. साहेबांनी जबाब वाचला, मग परत पहिल्यापासून मोठ्याने वाचला. आत कोणीतरी हसलं. साहेब तेलुगूत शांतपणे म्हणाले, म्हणजे म्हातारीची चूक एवढीच की ती तुमच्या गाडीत बसली. मग त्यांनी विचारलं, त्या वेळी तुमच्याशी कोणी बोलत होतं का. मला बाकावर घाम फुटला. तुम्ही म्हणाले, नाही साहेब, कोणी नाही.

साहेब वाईट नव्हते. चूक कबूल केली असती तर समज देऊन सोडलं असतं असं ते म्हणाले, आणि माझा अजूनही त्यांच्यावर विश्वास आहे. पण बाई मोडून पडली तरी आपलं काही चुकलं असं ज्याला वाटत नाही, त्याच्या हाती माणसांची गाडी कशी द्यायची, असा त्यांचा सवाल होता. त्याला माझ्या दीड पानात उत्तर नव्हतं. तुम्हाला रस्त्यावरून काढून डेपोच्या आत घेतलं. गाड्या धुवायच्या जागी नेऊन लावायच्या, डिझेलला लावायच्या, परत रांगेत आणायच्या. निवृत्तीपर्यंत तुम्ही त्या फाटकाबाहेर बस काढली नाही.

परतताना मी तोंड उघडलं. म्हणालो, "भाऊजी, ते..." तुम्ही म्हणाले, "राहू दे मास्तर. भूक लागली, चाल." आणि आपण भजी खाल्ली. मी दोन प्लेट खाल्ली. हेही लिहून ठेवायला हवं.

घरच्यांना काही कळेना. इतकी वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला समोरची बैलगाडी उशिरा दिसते कशी? तुम्ही काही सांगेनात. मग ताईने आपलं उत्तर काढलं: तुम्हाला दिसत नाही. "तुमाले दिसून नाई राह्यलं, अन् तुमी लपवून राह्यले," असं म्हणत तिने तुम्हाला आदिलाबादला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तिच्या समाधानापुरता एक नंबर काढून दिला. काळ्या काड्यांचा तो चष्मा तुम्ही मुकाट्याने घातला. वाचायला घेतलं की कपाळावर सरकवायचे, दूर पाहायचं असलं की काचांवरून पाहायचे. ताई सगळ्यांना सांगायची, मी वेळेवर ओळखलं म्हणून, नाहीतर एखाद दिवशी आणखी मोठं काही झालं असतं. मी तिथेच बसलेलो असायचो, चिवडा खात. तुम्ही माझ्याकडे पाहायचेही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

लसमाबाईकडे तुम्ही दर बाजाराच्या दिवशी जात राहिले. तिला काठी तासून दिली, पुढे तिच्या जाण्याच्या वेळी खांदाही दिला. तिचं घर माझ्या शाळेच्या वाटेवरच होतं. मी पलीकडची गल्ली धरायचो. थोडी लांब पडते, पण तब्येतीला चांगली.

आणि पेला. डेपोच्या आवारात, धुवायच्या जागेपासून रांगेपर्यंत असं किती पावलांचं अंतर, तेवढ्यासाठीसुद्धा तुम्ही इंजिनाच्या झाकणावर स्टीलचा काठोकाठ भरलेला पेला ठेवायला लागले. थेंब सांडता कामा नये. आधी लोक हसले. मग नव्याने लागलेले ड्रायव्हर तुमच्या शेजारी येऊन बसायला लागले, मग तेही पेला ठेवायला लागले. तुम्ही त्यांना नियम-बियम सांगत नसत. पाणी सांडलं की म्हणायचे, "ओढून घेतली तू." पुढे मीनल गाडी शिकली तीही त्याच पेल्यावर. तिच्या पहिल्या दिवशी अर्धा पेला माझ्या पँटवर आला होता आणि तुम्ही कितीतरी दिवसांनी मनापासून हसला होता.

मी कधी कधी डेपोत यायचो. तुम्ही एका रिकाम्या बसमध्ये बसून, पेल्याकडे बघत, चालायच्या वेगाने आवार ओलांडताना दिसायचे. पुढे अख्खा जैनथचा रस्ता मोकळा. मला वाटायचं, हाक मारावी. मग वाटायचं, गाडी चालू आहे.

त्यानंतर आपण भांडलो नाही, भाऊजी. वळणाचा विषय तुम्ही काढला नाही, मी काढायला गेलो तर म्हणायचे, राहू दे. मी ते तुमचं मोठेपण समजलो. आता वाटतं, मी वाद घालणाऱ्या भाऊजींनाच गमावलं होतं आणि मला पत्ताही नव्हता. सणावाराला जेवायला येत होता तो ताईचा नवरा होता, शहाणा, अबोल, चष्मा लावलेला.

वाईट हे की तुमचं बरोबर आहे हे मला केव्हाचं ठाऊक होतं. पुस्तकातच आहे, पुढच्या इयत्तेच्या. रस्त्यावर उभा राहून पाहणाऱ्याला फेक नसते; त्याला माणूस सरळ जाताना दिसतो आणि गाडी वळताना. पण गाडीच्या आत असलेल्याला ती असते. त्याला ती धरूनच आपला हिशोब मांडावा लागतो, तोल सांभाळावा लागतो, शेजारच्याला सावरावं लागतं. तुम्ही गाडीतून बोलत होता. मी गाडीत उभा राहून रस्त्यावरून बोलत होतो. एवढी दोन वाक्यं तुम्हाला सांगायला मला वीस वर्षं पुरली नाहीत.

दवाखान्यात शेवटच्या रविवारी सगळं सांगायचं ठरवून आलो होतो. माफी, चष्मा, चोरलेली वाक्यं, सगळं. ताई चहा आणायला गेली. खोलीत आपण दोघंच. आणि मी काय केलं, तर सलाईनची बाटली वर का टांगतात हे तुम्हाला समजावलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "मास्तर, ते फेकीचं राह्यलंच आपलं."

मी म्हणालो, घरी या मग, बसून बोलू.

तुमचा हात चादरीवर होता. डावा. मी तो धरू शकलो असतो.

काल सगळे पाहुणे गेले. मीनल सामान आवरत होती. ताईने तुमच्या फोटोसमोर पेला ठेवला होता, पाण्याने भरून, आणि त्याच्या शेजारी चष्मा, काड्या नीट मिटून. ती चष्म्याची काच पदराने पुसत होती आणि मला म्हणत होती, "पाह्य, किती जपून वापरला. एक ओरखडा नाई."

मी सांगितलं. दांडा सोडण्यापासून दस्तखतीपर्यंत. बाकावरचा घामही सांगितला. गोष्टी सांगताना मी हातवारे करतो, आवाज काढतो. कालच्या गोष्टीला काही सुचलं नाही. ताई फोटोकडे बघत ऐकत होती. मला वाटत होतं, रडेल, नाहीतर बोलेल, नाहीतर म्हणेल की जाऊ दे आता. तिने चष्मा फोटोसमोर परत ठेवला. मग म्हणाली, "मी त्याईले जबरीनं नेलं होतं डोये दाखवाले. चार लोकाईत आंधळे म्हनलं." मग चष्म्याकडे बघत, "अन् ते घालत राह्यले. काऊन घालत राह्यले?"

काऊन, ते तिला माहीत होतं. मलाही. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. फोटोसमोरचा चष्मा उचलला आणि माझ्या हातात ठेवला.

"हा तुहा चष्मा हाय," ती म्हणाली. "तूच ठेव."

मी तिथेच घालून पाहिला. नंबर इतका कमी आहे, भाऊजी, की सगळं जसंच्या तसं दिसतं. पेला, फोटो, ताईचा चेहरा.